काळ्यावरचे निळे कसे वाचावे

प्रथम खोलीतले दिवे घालवावेत. काळ्या टर्मिनलमध्ये ‘एलएस’ मारले की फोल्डरांची नावे गडद निळ्यात उमटतात, आणि उमटूनही दिसत नाहीत. तेव्हा मान डावीकडे कलती करून नाक पडद्यापासून चार बोटांवर न्यावे. पुसायचा फोल्डर ‘बॅकअप_जुना’ की ‘बॅकअप_जुने’ हे तरीही कळत नसेल, तर सदऱ्याच्या टोकाने पडदा पुसावा. एवढे करून मी शेवटी चष्म्याचा नंबर तपासून आलो. नंबर तोच निघाला, फी तेवढी गेली.

आता थोडे शास्त्र. डोळ्याला जो उजेड जाणवतो त्यात पडद्यावरच्या निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के. बाकी कारभार हिरवा आणि लाल पाहतात. वेबवरच्या वाचनीयतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट लागतो. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीतला निळा (०, ०, १२८) काळ्यावर १.३ : १ भरतो. लोडशेडिंगमध्ये काळी छत्री शोधण्यापैकीच हे. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने तो (०, ५५, २१८) केला. आकडा अडीचच्या आसपास गेला. पास नाहीच, पण एटीकेटी मिळाली.

यावर पुष्कळजण थीम निवडायला बसतात. लग्नाचा बस्ता परवडला. मीही ‘सोलराइज्ड’ची गडद थीम लावली. दिसायला देखणी, पण तिच्यात ‘उजळ काळा’ हा रंग नेमका पार्श्वभूमीचाच आहे. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने करड्या अक्षरांत काढलेली सूचना आली कधी नि गेली कधी, पत्ता लागला नाही. पांढरी पार्श्वभूमी घेणाऱ्यांनी फार हसू नये. त्यांचा पिवळा तिथे १.१ : १ आहे.

खरी गोम अशी की ‘एलएस’ रंग पाठवतच नाही, ‘३४’ हा आकडा पाठवतो. त्याचा निळा किती गडद, हे तुमचे टर्मिनल ठरवते. म्हणून टर्मिनलच्या सेटिंगमध्ये रंगांचा तक्ता उघडावा, मोजणी शून्यापासून करून ४ क्रमांकाचा रंग गाठावा आणि तिथे (९२, १५६, २५५) भरावे. काळ्यावर साडेसातच्या वर कॉन्ट्रास्ट मिळतो. हे एकदा केले की दूरच्या सर्व्हरवरचे फोल्डरही याच निळ्यात दिसतात, कारण तिथूनही फक्त आकडाच येतो. तिथल्या ॲडमिनच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

तेवढाही धीर नसेल तर ‘एलएस’ला ‘--कलर=नेव्हर’ सांगून सोबत ‘-एफ’ जोडावे; रंग जातात, पण फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचेच असेल, तर त्यानंतर जावे.