पातेऱ्यातली पंगत

अष्टागरात पक्ष्यांना मुद्दाम जेवू घालण्याचा हंगाम पंधरा दिवसांचा, आणि आमंत्रण एकाच जातीला. पितृपक्षात कौलावर बसलेल्या कावळ्याला जो मान मिळतो तो जावयालाही मिळत नाही. सर्वपित्री उलटली की तोच कावळा वलांडीवरच्या बोंबलाला चोच लावतो म्हणून दगड खातो. बाकीच्या पाखरांनी आपापलं बघावं, त्यात आपण पडू नये, असा इथला जुना शिरस्ता.

अलीकडे अलिबाग, किहीम, नागाव या बाजूला मुंबई-पुणेकरांचे बंगले झाले आणि त्यांच्यामागून दाण्याची टांगती नळकांडी आली. आमच्या शेजारच्या बंगल्यातही एक आलं. वर टोपी, खाली बशी, आत बाजरी, राळे आणि सूर्यफुलाच्या बिया. मुहूर्त नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे उत्तमच. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, आणि मधले दिवस आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. शिवाय सालिम अलींनी १९३०च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो किहीमलाच. या मातीत पक्षिप्रेम रुजायला हरकत कसलीच नव्हती.

नळकांड्यावर पहिल्याच दिवशी चिमण्या आल्या. मग पारवे आले आणि चिमण्या गेल्या. मग खार आली आणि उलटी लटकून सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या निवडून खाऊ लागली. बाजरी तिने पारव्यांसाठी खाली टाकली, तिच्यात तेवढा शेजारधर्म होता. शेजारीणबाई दुर्बीण घेऊन पडवीत बसत. शेवटी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “काका, थंडीत लांबचे पक्षी येतात म्हणे इकडे. आमच्याकडे एकही कसा नाही?”

“येतात की. सकाळी तुमच्याच आवारात होते.”

“कुठे?”

“तुमचा गडी आता झाडतोय ना, तिथे.”

त्यांना ती थट्टा वाटली, पण गोष्ट खरी होती. दाणे हे आपल्या बारमाही मंडळींचं खाणं. परसात उतरणारे हिवाळी पाहुणे बहुतेक किडेखाऊ. त्यांच्या मुलखात थंडी पडली की किडे-अळ्या दिसेनाशा होतात, म्हणून तर ते एवढी मजल मारून इथे येतात. आणि इतक्या लांबून आलेल्याच्या पुढ्यात आपण बाजरी ठेवणार!

सगळ्यात आधी, पावसाळा सरता सरता, येतो करडा धोबी. हिमालयातले ओढे सोडून तो आमच्या सुपारीच्या वाडीतल्या पाटावर हजर होतो. शिंपणं सुरू झालं की ओल्या आळ्यांच्या कडेने शेपूट वरखाली हलवत फिरतो आणि पोटाचा पिवळा रंग दाखवतो. त्याच्यामागून थिरथिरा. नर काळा, पोट आणि शेपूट तांबूस. झावळ्यांच्या ढिगावर बसून शेपूट अशी थरथरवतो की हिवताप भरला असावा. मग टुपकन खाली उतरतो, किडा टिपतो आणि पुन्हा ढिगावर. पूर्व युरोपाकडून येणारा लाल छातीचा माशीमार चिमणीहूनही लहान. तो आंब्याच्या खालच्या फांद्यांत टिर्र टिर्र करत माश्या धरतो. घरच्या माणसांना जे काम जन्मात जमलं नाही ते हा विनातक्रार करतो. हळद्याला किड्यांबरोबर फळंही चालतात, म्हणून त्याचा ओढा वड-उंबराकडे. पातेऱ्यात सर्वांत मोठ्याने खुडबुड करतो तो कस्तूर. पण तो आपल्याच मुलखातला, पाहुण्यांच्या निमित्ताने पंगतीला बसणारा.

माणसाच्या हातचं आवडीने खाणारा हिवाळी पाहुणा एकच, तो म्हणजे कुरव. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटातल्या तळ्यांकाठी जन्मतो आणि थंडीत गेटवे-मांडवा लाँचच्या मागे लागून हवेतल्या हवेत शेव झेलतो. प्रवासी खूश, कुरवही खूश. समुद्र मासळीने भरलेला असताना तळलेल्या, खारट शेवेची सवय लावणं हे पाहुण्याचं कौतुक नव्हे, एवढं मात्र सांगायला हवं.

नळकांड्याची कल्पना वाईट नाही. ती आली बर्फाच्या देशातून. तिथे हिवाळ्यात जमीन झाकली जाते, दाणा शोधायचा कुठे हा प्रश्न पाखरांना खरोखरच पडतो, आणि थंडीतही तिथेच राहणारे दाणेखाऊ पक्षी परसात येतात. आमच्याकडे डिसेंबरातही जमीन उघडी, ओलसर आणि किड्यांनी भरलेली. इथे पंगत आधीच मांडलेली असते. आपण फक्त ती झाडून काढतो.

झाडण्याचा हा सोस आमच्या घरीही आहे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपण परस एवढं लख्ख करतो की गांडुळालाही लाज वाटावी. पातेरा गोळा करून पेटवतो, वर फवारणी करतो आणि मग पूर्वीसारखी पाखरं राहिली नाहीत म्हणून हळहळतो.

पाहुणे मोजायची हौस असेल तर तीही भागते. अमेरिकेत १९९८ साली परसातले पक्षी मोजायचा एक उपक्रम सुरू झाला. भारत २०१३ पासून त्यात आहे. फेब्रुवारीत चार दिवस, एका बैठकीला किमान पंधरा मिनिटं एवढीच अट. चहा निवेपर्यंत एवढं सहज होतं.

तेव्हा नळकांडं टांगलं असेल तर राहू द्या, खारीचे आशीर्वाद मिळतील. मात्र ते वरचेवर धुवा. गड्याला सांगून परसाचा एक कोपरा झाडूपासून वाचवा, झावळ्यांचा एक ढीग पडू द्या, औषध मारू नका. शेंड्यावरची एक पपई काढायची राहिली तर राहू दे, तांबट आणि बुलबुल ती संपवतील. हिवाळी पाहुण्यांना आपल्याकडून दुसरं काहीही नको असतं. इतका कमी खर्चाचा पाहुणा कोकणात दुसरा येत नाही.