पिल्लू कसे घ्यावे, अर्थात नकार कसा पचवावा

खानदानी कुत्र्याचे पिल्लू घ्यायचे ठरले की घरात आधी नावावरून भांडण होते. ते होऊ द्यावे. ब्रूनो की सिंबा हा निकाल लागल्यावरच पुढील मार्गदर्शनाकडे वळावे, कारण यापुढे तुमच्या मताला फारशी किंमत उरणार नाही.

प्रथम चुकीचा विक्रेता ओळखायला शिकावे. तो फार गोड असतो. फोनवर तुम्हाला ‘सर’ म्हणतो. लॅब, पग, शित्झू, हस्की, जे मागाल ते त्याच्याकडे तयार असते आणि दर दोन असतात: विथ पेपर, विदाउट पेपर. त्याचे लॅब्रॅडॉर ‘डबल बोन’ असते. कुत्र्याच्या अंगात मुळात सव्वातीनशेच्या आसपास हाडे असतात, ती दुप्पट केली तर बिचाऱ्याने वाकायचे कसे, असल्या शंका काढून त्याचा हिरमोड करू नये. फोन आज करा की पुढच्या महिन्यात, त्याचे पिल्लू पंचेचाळीस दिवसांचेच असते. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मधल्या अकरा दिवसांचे खाणे त्याचे वाचते, आणि भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लाचे शिकायचे राहते. तो अभ्यासक्रम मग तुमच्या घोट्यावर पूर्ण होतो.

आई दाखवा म्हटले की ती हमखास गावाला गेलेली असते. बाप चॅम्पियन असतो, पण फोटोतच. पिल्लू हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी, गाडीच्या डिकीतून मिळते. एवढी घरपोच माया दिसली की काढता पाय घ्यावा.

जबाबदार ब्रीडरकडे जाताना मात्र जुन्या पुण्यातल्या दुकानदाराचे स्मरण करून जावे. माल आहे, उत्तम आहे, आणि तुम्हाला द्यायची अजिबात घाई नाही. आत्ता पिल्ले नाहीत, पुढचे वेत दिवाळीनंतर, नाव लिहून ठेवतो, असे उत्तर आले तर आनंद मानावा. मग बाईंकडे मुलाखत असते. (ब्रीडर पुरुष असला तरी मुलाखत बहुधा त्यांची पत्नीच घेते.) घर स्वतःचे की भाड्याचे? दिवसभर घरी कोण? मे महिन्यात कोकणात जाता तेव्हा कुत्रा कुठे? नागपूरला राहून हस्की कशाला हवा? शेवटच्या प्रश्नाला ‘मुलाला आवडतो’ हे उत्तर देऊ नये.

आता विचारायची पाळी तुमची. आईला प्रत्यक्ष पाहावे. ती दमलेली, थोडी केस गळालेली असेल, ते चालते. पण माणूस दिसताच कोपऱ्यात दबून बसत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लांकडे बघूही नये. हिचे हे कितवे वेत, हे विचारावे. नियमाप्रमाणे मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय फळवता येत नाही. वर्षाला एकच वेत, आणि जन्मात पाच. राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणीपत्र मागावे. खरा ब्रीडर ते भिंतीवरच लावतो. लॅब किंवा जर्मन शेफर्ड घेत असाल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे मागावेत. पिल्लू दोन महिन्यांचे असताना ससा असते. खुब्याचे दुखणे बहुधा पुढे, जिना चढताना कळते. पग असेल तर नाकपुड्या उघड्या आहेत की फटीसारख्या मिटल्यात ते पाहावे. घोरणाऱ्या पगला घरातली मंडळी ‘किती गोड’ म्हणतात. डॉक्टर त्याला श्वास कोंडणे म्हणतात. डाल्मेशियन घेताना मागे उभे राहून किल्ल्यांचा जुडगा पाडावा. या जातीत जन्मतः बहिरेपण बऱ्यापैकी आढळते. पोट टम्म फुगलेले असेल तर ‘खाऊन सुखावलेय’ यावर विश्वास न ठेवता जंतांचे औषध कधी दिले ते विचारावे.

कागदाविषयी थोडेसे. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर आजा-पणज्यांची भारदस्त नावे असतात. त्यावरून वंश कळतो, तब्येत नाही. तरीही कागद हवाच, फ्रेम करायला नव्हे, तर त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक पिल्लाच्या मानेतल्या चिपशी जुळतो का हे पाहायला. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांचे पेपर आजवर कोणी मागितलेले नाहीत, पण ती विकायलाही काढलेली नव्हती.

एवढे होऊन बाई म्हणतील, ‘तुम्हाला तो तपकिरी नाही मिळणार, तो फार दांडगा आहे. ही घ्या.’ घ्यावी. त्यांनी आठ आठवडे बघितलेय, तुम्ही वीस मिनिटे. मग करारावर सही करावी: सांभाळणे जमले नाही तर कुत्रा परत त्यांच्याकडेच, कोणा मेहुण्याच्या फार्महाउसवर नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांचा रोज फोन येईल. तुमची ख्यालीखुशाली कोणी विचारणार नाही. चौकशी शीची असेल. रंग, घट्टपणा, रक्त दिसले का, कारण पार्व्हो हा पिल्लांचा आजार वेळ देत नाही. जेवत असलात तरी सविस्तर उत्तर द्यावे.