मूठभर भात, पण मूठ कोणाची?

आहारतज्ज्ञ सांगतात, वजनकाटा नको, हातच माप: मुठीएवढा भात, तळहाताएवढं पनीर किंवा मासा, अंगठ्याच्या पेराएवढं तूप. मापं तशी रास्त आहेत. थोराड माणसाचा हात मोठा आणि भूकही. अडचण एवढीच की आपल्याकडे मूठ खाणाऱ्याची नसते, वाढणाऱ्याची असते. पंगतीत काकू ‘अर्धीच घ्या हो’ म्हणत दोन जिलब्या सोडतात, आणि ताटावर आडवा धरलेला हात हा नकार नसून आग्रहाची पुढची फेरी समजली जाते. मीठ मात्र जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभरापेक्षा कमी ठेवलंय. ताटाच्या डावीकडचं लोणचं, चटणी त्यात धरायची आपल्यात पद्धत नाही.