सवलतीच्या गावाला

सुट्टीत कुठे जायचं हे बहुतेक घरांत हवा, मुलांच्या परीक्षा आणि बायकोचं माहेर यांच्यावर ठरतं. आमच्या सोसायटीतल्या अण्णांकडे ते सवलतीवर ठरतं. सवलत कुठवर लागू आहे ते आधी बघायचं. तिथे बघण्यासारखं काय आहे, हे मागाहून.

अण्णा कंजूष नाहीत, हे सांगून टाकतो. (सांगणं भाग आहे. हा अंक ते माझ्याकडूनच वाचायला नेतात.) गणपतीची वर्गणी ते सगळ्यांत आधी देतात. पण पिशवी भरून घराबाहेर पडले की त्यांच्या अंगात येतं.

रेल्वेशी त्यांचा अबोला आहे. साठी गाठलेल्या पुरुषांना तिकिटात ४० टक्के सूट असायची आणि अण्णा तिच्यावर डोळे लावून बसले होते. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. अण्णांना साठ पूर्ण झाली त्याच जूनमध्ये. "आईने दोन-तीन वर्षं आधी मनावर घेतलं असतं तर!" असं ते अजून हळहळतात.

मग त्यांनी एसटी धरली. तिथे पासष्टीला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीला फुकट. म्हातारपणाची एवढी आतुरतेने वाट बघणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्यात मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं आणि काकू त्यांच्या आधी अर्ध्यात जाऊ लागल्या. अण्णा शेजारी पूर्ण तिकीट काढून बसत. पूर्ण पैसे भरलेत म्हणून खिडकी मात्र सोडत नसत.

पासष्टी उलटल्यावर पहिला दौरा सावंतवाडीचा निघाला. आम्ही दोघंही बरोबर होतो. कंडक्टर चार सीट लांब होता तेव्हापासून अण्णांनी आधारकार्ड पुढे धरलं होतं.

"पासष्ट? वाटत नाही हो काका," कंडक्टर म्हणाला.

दुसरा कोणी सुखावला असता. अण्णांना घाम फुटला. "अहो, गुडघे बघा माझे! दोन्ही गेलेत!" केसांना कलप लावल्याचा एवढा पश्चात्ताप मी कुणाला झालेला पाहिला नाही.

रात्री बस हॉटेलवर थांबली. बाकीचे काउंटरवर काय गरम आहे ते विचारत होते. अण्णा तिकीट दाखवून एसटी प्रवाशांसाठीचा तीस रुपयांतला चहा-नाश्ता मागत होते. मालक म्हणाला, पोहे संपले. अण्णांनी शेजारच्या टेबलावरच्या वाफाळत्या पोह्यांकडे नुसतं बोट दाखवलं. शेवटी उपमा आला, गारढोण. तो खाताना अण्णांच्या तोंडावर जे समाधान होतं, ते काश्मीर बघून आलेल्यांच्या तोंडावरही दिसत नाही.

सावंतवाडीच का, तर एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणून मुक्काम अलीकडे आणि गोवा पलीकडे. बांदा मागे पडल्यावर अण्णा गप्प झाले, ते थेट जुन्या गोव्यात बोलले. बॉम जीझस चर्चला तिकीट नाही म्हटल्यावर त्यांनी गोंयच्या सायबाला मनोभावे हात जोडले. मग दिवाडी बेटाची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत. झालं! अण्णा पलीकडे गेले, अलीकडे आले, पुन्हा पलीकडे गेले; उतरायचं नाव नाही. "पणजीला क्रूझवाले माणशी पैसे घेतात. नदी हीच, मांडवीच!" तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी चौघांचे मिळून वाचलेल्या पैशांचा आकडा जाहीर केला. तो आमच्या सबंध सहलीच्या खर्चापेक्षा मोठा होता.

पणजीत दुपार झाली. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, दुसऱ्या दिवसाच्या. काकू एक शब्द न बोलता समोरच्या खानावळीत शिरल्या आणि सुरमईची थाळी सांगितली.

"अगं, पुऱ्या आहेत ना!"

"मार्च २०२३ पासून माझं तिकीट अर्धं," काकू म्हणाल्या. "म्हणजे वाचलेलं अर्धं माझं. लिहून ठेवलंय." आणि पर्समधून चक्क वही काढली.

अण्णांनी चष्मा लावला. वही पहिल्या पानापासून तपासली, ओठ हलवत बेरजा केल्या. पंख्याखाली आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

"इस्लामपूरचा परतीचा प्रवास धरलाच नाहीस तू," ते म्हणाले. "तुझेच अजून निघतात."

"मग तुम्हालाही सांगते थाळी."

अण्णांनी वेटरला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सोलकढी पुन्हा मागितली तर तिचे वेगळे लावता का हो?"