गोवरास खुले पत्र

गोवरा, दप्तर जाळणाऱ्या चोरा,

तुला स. न. वि. वि. लिहायला हात धजत नाही. पत्र तुझ्या नावाने असलं तरी ते वाचायचं आहे आमच्या इगतपुरीच्या पोरांनी. म्हणून तुझे प्रताप सोप्या भाषेत सांगते.

इथे आषाढात झड लागली की खिडक्या बंद आणि वर्गभर शिंका. पण बरेचसे जंतू नाकातच चिकटून बसतात. पोरांनो, शेंबडाला हसू नका, तो पहिला पहारा आहे. तिथून कोणी निसटलाच, तर पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. काही पेशी त्या जंतूला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं तयार करतात. लढाई संपली तरी थोड्या पेशी वर्षानुवर्षं मागे राहतात, पोलीस ठाण्यातल्या दप्तरासारख्या: जुना चोर दिसला की लगेच ओळखतात.

तू त्या दप्तरालाच काडी लावतोस. श्वासावाटे आत येतोस, पहाऱ्यावरच्या पेशींतच घुसतोस आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी मारतोस. ताप, खोकला, लाल डोळे, गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मग कानामागून पुरळ. पुरळ ओसरलं की आई सुटकेचा श्वास सोडते, आणि तुझी खरी चोरी तिला दिसतच नाही. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त तुझ्या येण्याआधी आणि नंतर तपासलं होतं. 2019 मध्ये निष्कर्ष आला: इतर आजारांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गायब!

मोठा शूर तू! 2022 मध्ये गोवंडीत आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गाठलंस कोणाला? लस न मिळालेल्या चिमुरड्यांना. आईबाप वीटभट्टीवर गेले की पाड्यावरच्या पोराचा डोस हुकतो, तिथेच तुझं फावतं. तुला देवीचा कोप समजून दवाखाना टाळणारी घरं तर तुझं माहेरच.

लसीत तुझाच दुबळा केलेला विषाणू असतो. दप्तरात तुझी नोंद होते, दप्तर मात्र शाबूत राहतं. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत, दोन्ही फुकट. हुकला असेल तर पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात मिळतो. आशाताईंना विचारलं तरी पुरे. तुला हे झोंबेल, म्हणूनच ठळक लिहिते आहे.

एक इगतपुरीकर