टोकाचा माणूस

सातवीत मी शाळेच्या लेझीम पथकाचा म्होरक्या होतो. एवढ्या भांडवलावर माणूस अमेरिकेत बर्फावरच्या खेळाचा प्रशिक्षक होतो, यावर माझ्या सासरी अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

मुलीने सिंक्रोत नाव घातलं, तेव्हा आम्ही मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला राहत होतो. सिंक्रो म्हणजे सिंक्रोनाइज्ड स्केटिंग. मोठ्यांच्या संघात सोळा जण. आमच्या नऊ-दहा वर्षांच्या पोरी बारा. हात, खांदे धरून एका तालात, एका वेगात बर्फावर आकृत्या करायच्या. या खेळात कुणी एक उठून दिसली की गुण गेलेच म्हणून समजा.

खेळ जन्मला तोही याच गावात. 1956 साली डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ नावाचा संघ उभा केला. विद्यापीठाच्या आइस हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात प्रेक्षकांची करमणूक व्हावी, एवढाच उद्देश. पुढे फिनलंड, स्वीडन, कॅनडाने हा खेळ डोक्यावर घेतला. 2000 साली मिनियापोलिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ऑलिंपिकने मात्र अजून दारात उभं केलेलं नाही. हे सगळं मी पालकांच्या बाकावरून शेजारच्या आयांना ऐकवत असे. मधूनमधून “रांग वाकडी होतेय!”, “डावी बाजू मागे पडतेय!” असंही मोठ्याने सांगत असे. शेवटी मुख्य प्रशिक्षिका काचेपाशी येऊन म्हणाल्या, “इतकं दिसतं तर मदतीलाच या ना!” बायकोच्या मते हा टोमणा होता. मी ती नेमणूक धरली.

पार्श्वभूमीची तपासणी झाली, मुलांच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम झाला. माझ्यावर एकही गुन्हा नाही, हे सिद्ध झालं. स्केटिंग येतं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

बर्फाचं भाडं तासावर असतं, म्हणून सगळा कार्यक्रम आधी साध्या बुटांवर, जमिनीवर चालून बसवतात. ते काम माझ्याकडे आलं. मी थेट लेझमीवर गेलो. चार आवाज, पवित्रा, गुडघ्यात वाकणं, आणि ठेक्यावर दणकून पाय आपटणं. पोरी खूश! “सावधान!” म्हटलं की अमेरिकन पोरी अशा ताठ होत की माझे ड्रिलचे गुरुजी गहिवरले असते. मग त्या बर्फावर गेल्या. फिगर स्केटच्या पात्याला पुढच्या टोकाशी दाते असतात. पाय आपटला की दाते बर्फात रुततात आणि बाकीचं शरीर पुढे निघून जातं. पहिली रांग पडली. एका तालात पडली, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

तरी चाक शिकवण्याची संधी मी सोडली नाही. चाकात अख्खी रांग मधल्या बिंदूभोवती फिरते. आतली जवळजवळ जागच्या जागी वळते, टोकाची जीव खाऊन पळते. मी पडलो इंजिनिअर. फळ्यावर त्रिज्या काढली, कोनीय वेग काढला. एका पोरीने हात वर केला. “मग तुम्हीच या ना टोकाला!”

भाड्याचे प्लास्टिकचे बूट चढवून मी गेलो. माझा हात धरणारी माझीच मुलगी होती. “बाबा, तू काहीही करू नकोस,” ती हळूच म्हणाली. मी काहीच केलं नाही. जे केलं ते त्रिज्येने केलं. दुसऱ्या फेरीत फळ्यावरचं समीकरण माझ्या पायांखाली आलं आणि पाय माझ्या डोक्याच्या उंचीला गेले. कुणी पडलं तर हात सोडायचा, थांबायचं नाही आणि चेहरा हसरा ठेवायचा, हे मीच पोरींकडून घोटून घेतलं होतं. तिन्ही गोष्टी त्यांनी बिनचूक केल्या. मी कठड्यापर्यंत घसरत गेलो. बर्फ साफ करणाऱ्या झांबोनीचा चालक दारात वाट बघत होता. त्याने माझ्याकडे पाहून घड्याळाकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात माझं खातं बदललं. मला केस मिळाले. बारा डोकी, बारा अंबाडे, सगळे एका उंचीवर. मूठभर जेल, जाळी आणि पिना. केसांतलं सजावटीचं काही बर्फावर पडलं तर गुण कापतात, आणि नुसती पिन पडून पात्याखाली आली तर पोरगीच आडवी होते. इथे मात्र इंजिनिअरिंग कामाला आलं. स्पर्धेत आमचा संघ शेवटून दुसरा आला, पण केसांतलं काही म्हणजे काही पडलं नाही. निकालपत्रात याला रकाना नसतो.

बाहेर दुसऱ्या संघातल्या एका आईने मला गाठलं. “अंबाडे सुंदर हो! कोणी घातले?” मुख्य प्रशिक्षिका जवळपास नाहीत, याची मी खात्री करून घेतली.

“आम्हा प्रशिक्षक मंडळींनाच बघावं लागतं सगळं,” मी म्हणालो.