सवलतीचा नकाशा

नकाशाची सॉफ्टवेअरं विद्यापीठांना घसघशीत सवलतीत मिळतात. यामागे निव्वळ विद्याप्रेम आहे, असं मानायला कुणाची हरकत नसावी. अट एवढीच, की वापर शिकवण्या-संशोधनापुरता आणि परवान्याचं नूतनीकरण दरवर्षी. विद्यार्थी आर्कजीआयएससारख्या सॉफ्टवेअरची बटणं पाठ करतो, पदवी घेतो आणि विद्यापीठाचं लॉगिन गमावतो. मग नोकरीत साहेबांकडे तेच सॉफ्टवेअर मागतो, पूर्ण दरानं. सवलत वसूल! याच कामाचं, २००२ साली सुरू झालेलं क्यूजीआयएस मात्र फुकट आहे. नकाशाची तीच शेपफाइल तिथेही उघडते, नदी तिथेही उतारानंच वाहते. पण फुकटाला ना निविदा, ना दरपत्रक, ना खरेदी समितीचा चहा. प्राध्यापकहो, सवलत जरूर घ्या. फक्त पोरांना बटणांआधी नकाशाचं प्रक्षेपण शिकवा.